आज कुणाची ऑर्डर?

वृषालीच्या पाठवणीला मुबशिरा हसली. तेही ओठ दाबून नव्हे, चांगली खळखळून.

कळस गावच्या त्या मांडवात तेव्हा हसण्यासारखं काहीच नव्हतं. वृषाली आईच्या गळ्यात पडून रडत होती, तिची आई द्वारकाबाई लेकीच्या पाठीवरून हात फिरवत रडत होती, आणि ज्यांचा या दोघींशी काडीचा संबंध नव्हता ते वऱ्हाडीसुद्धा डोळ्यांना रुमाल लावून उभे होते. इंदापूरचा हैदर ब्रास बँड पाठवणीची चाल वाजवत होता. लाल कोट, सोनेरी झालर, मे महिन्याच्या उन्हात चकाकणारं पितळ... आणि एवढ्यात एका ट्रम्पेटनं मधूनच वेगळी वाट धरली. संथ, खोल, विहिरीत बादली सोडावी तसा एकेक सूर खाली खाली जाणारा. बायकांना हुंदका आवरेना. मुबशिराला हसू आवरेना.

कारण ती चाल पाठवणीची नव्हतीच. ती होती विंटरमिलच्या 'आयर्न ग्रेन' या अल्बममधल्या चौथ्या गाण्याची सुरुवात. विंटरमिल म्हणजे उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ गावातले पाच दाढीवाले, आणि त्यांच्या हेवी मेटलवर मुबशिरा कॉलेजात असल्यापासून जीव टाकत होती. अख्ख्या बारामती तालुक्यात हे वेड आपल्या एकटीलाच आहे, अशी तिची पक्की समजूत होती. राहता राहिला प्रश्न त्या चौथ्या गाण्याचा. त्यात एका चक्कीवाल्याचं मयत आहे. गाव त्याला खांद्यावरून बर्फातून नेतं.

द्वारकाबाईंनी रडता रडताच तिच्याकडे असं काही बघितलं की मुबशिरानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि मांडवाबाहेर धूम ठोकली.

नवरीची गाडी गेली, धुरळा खाली बसला. बँडवाले लिंबाखाली वाद्यं पुसत बसले होते. मुबशिरा तडक त्या ट्रम्पेटवाल्यापुढं जाऊन उभी राहिली. तरणाताठा पोरगा होता. कोटाची वरची गुंडी उघडी, आणि ओठांवर ट्रम्पेटचा गोल वळ.

"तुमी मगाशी काय वाजवलं?"

"पाठवणीचं," त्यानं मान वर न करताच सांगितलं.

"ते मयताचं गाणं हाय."

पुसणारा हात थांबला. त्यानं हळूच वर बघितलं, अगदी सावधपणे.

"कुणाचं... मयत?"

"चक्कीवाल्याचं. आयर्न ग्रेन, चौथं गाणं. आन् तिसऱ्या ओळीत तुमी एक सूर खाल्लात."

तो उठून उभाच राहिला. हातातलं फडकं खाली पडलं, ते उचलायचंही त्याला सुचलं नाही. मुबशिराला आता जरा अवघडल्यासारखं झालं. कुणी आपल्याकडे असं बघावं याची तिला सवय नव्हती, आणि वाईट वाटत होतं म्हणावं तर तसंही नव्हतं.

"मी कायम वाजवतो हे," तो म्हणाला. "वरातीत, उद्घाटनात, मिरवणुकीत... मधी मधी घालतो. आजवर कुणाला वळखू आलं न्हाय."

"म्हणजे चोरून वाजवता."

"चोरून कसलं? चाल रडकी हाय, माणसं रडत्यात. शब्द कुणाला कळत्यात हितं?"

"मला कळत्यात. माझ्या मैत्रिणीला तुमी मयताच्या वाटंनं सासरी धाडलंत."

शेजारी हलगी मांडीवर घेऊन बसलेले एक म्हातारे यावर खो खो हसले. हे कुंडलिक तात्या. बँडात हलगी वाजवता वाजवता त्यांचे केस पिकले होते, आणि नाकावरच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती.

"मी ह्या अयानला म्हणलं हुतं, पोरी. वाजवायचंच तर त्यातलं दुसरं वाजीव, घोडदौडीचं. पण ह्यो ऐकतोय कुठं."

"तात्या, तुमी पण मेटल ऐकता?"

"मला नावंगावं इचारू नगं. टेंपूत ह्यो दिवसभर तेच लावतोय, बसल्या बसल्या कान तयार झालं. पण खरं सांगू? ती माणसं उपाशी हुती तवा झकास वाजवायची. आता त्यांची पोटं सुटल्यात."

मुबशिरानं टाळीच वाजवली. "मी हेच म्हणते. ह्या शुक्रवारी नवा अल्बम येतोय ना, बघा, त्यात दम नसणार."

"ऐकायच्या आधीच निकाल?" अयान म्हणाला.

"जुना ड्रमर सोडून गेला तवाच निकाल लागला."

"नवा ड्रमर त्याच्यापेक्षा चांगला हाय."

"नवा मशीनवानी वाजवतो."

"मशीन न्हाय... घड्याळ. वेळेवर असणं हा गुन्हा कधीपासनं झाला?"

"मेटलमधी गुन्हाच हाय तो."

अशी ती दोघं लिंबाखाली उभी राहून भांडली. टेंपो सुरू झाला, अयानचे वडील हैदरभाई समोरून हाका मारायला लागले, तरी भांडण मिटायचं नाव घेईना. शेवटी मुबशिरा म्हणाली, "तात्या, चष्म्याला दोरा काय बांधलाय? बारामतीला या. स्टँडजवळ मुन्ना ऑप्टिकल्स, माझ्या अब्बांचं दुकान. नंबर मीच काढते."

सांगितलं तात्यांना. पण बघत होती कुणाकडे, ते तात्यांना त्या दोऱ्याच्या चष्म्यातूनसुद्धा स्वच्छ दिसलं.

पुढच्याच आठवड्यात तात्यांचे डोळे तपासायला अयान त्यांना घेऊन बारामतीत हजर झाला. तात्यांना डोळ्यांची एवढी घाई नव्हती, ही गोष्ट वेगळी. गल्ल्यावर मुबशिराचे वडील बसले होते. सगळी बाजारपेठ त्यांना मुन्नाशेठ म्हणायची. माणूस कडक, पण नजर अशी की दारातून येणाऱ्याचा नंबर ते खुर्चीवरूनच सांगत.

आतल्या खोलीत मुबशिरानं तात्यांच्या डोळ्यांपुढं जाड चौकट चढवली आणि एकामागून एक काचा बदलायला सुरुवात केली.

"हे बरं का हे?"

"पहिलं बरं."

"आता? हे का हे?"

"पहिलंच बरं."

"तात्यांचं सगळ्यातच असं हाय," अयान भिंतीला टेकून म्हणाला. "अल्बम असू द्या न्हायतर काच. पहिलंच बरं."

"मग नवा ऐकला का तुमी?" तिनं काच पुसत, सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ऐकला की. शुक्रवारी सकाळीच. दुसरं गाणं तर..."

"थांबा." तिनं बोट वर केलं. "एका बैठकीत ऐकला का? पहिल्यापासनं शेवटपर्यंत, मधी न बोलता?"

"मधी एक वरात हुती."

"मग तो ऐकला न्हाय धरत. माझा नियम हाय. अल्बम एका बैठकीत ऐकायचा, आन् मत दुसऱ्या दिवशी सांगायचं. लोणचं आन् मत, मुरल्याबिगर काढायचं न्हाय."

अयान तिच्याकडे बघतच राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "माझं पण डोळं तपासता का?"

"तुमाला काय हुतंय?"

"लांबचं दिसतं, जवळचं दिसतं. पण बारामतीत आलो की नजर एकाच ठिकाणी अडकून बसतिया."

"त्यावर थेंब मिळतो," मुबशिरा गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "लई झोंबतो."

"चालंल. रोज घालायला यावं लागंल का?"

तिला हसू फुटलं, आणि बाहेरून मुन्नाशेठांचा आवाज आला, "मुबशिरा, नंबर काढायला एवढा वेळ?"

तात्यांनी नव्या काचांतून एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "शेठ, माझा नंबर कवाच निघालाय," ते बाहेर ऐकू जाईल असं म्हणाले. "ह्या दोघांचाच जुळंना झालाय."

त्यानंतर दोघांच्या मोबाइलवर आवाजाचे निरोप सुरू झाले. नियम तिचा, पण पाळायला तोही लागला. नव्या अल्बमचं नाव 'ग्लास रिव्हर'. तो एका बैठकीत ऐकून, रात्रभर मुरवून अयाननं मत पाठवलं, "दुसऱ्या गाण्यात एक गिटार डाव्या कानात येतिया, एक उजव्या. इंदापूरच्या चौकात दोन वराती समोरासमोर आल्यासारखं. आन् कुणीच मागं सरत न्हाय. लई भारी." त्यावर तिचं उत्तर आलं, "दुसरं मान्य. पण सहावं? उसाला पाणी सोडून माणूस बांधावर झोपी गेल्यासारखं वाहतच राहिलंय. कुणीतरी उठून दारं मोडा, पाणी वळवा." त्यावर तात्यांचं मत अयानच्या आवाजात यायचं. "तात्या म्हणत्यात, गाणारा वरडतो तवा पटतं. गोड गातो तवा उसनं वाटतं."

ही मतं ऐकण्यासाठी मुबशिरा सकाळी डोळे उघडायच्या आधी उशीखाली हात घालायला लागली. दुकानात काच घासताना तिच्या ओढणीखाली एका कानात विंटरमिल असायचे आणि ओठांवर उगाचच हसू. कुणी गिऱ्हाइकानं विचारलं, काय गं एवढं गोड ऐकतीस, तर काय सांगणार? कानात पाच दाढीवाले जिवाच्या आकांतानं किंचाळत होते.

अयानच्या चष्म्याच्या फेऱ्याही वाढल्या. चष्मा त्याला नव्हताच. कधी हैदरभाईंच्या चष्म्याचा स्क्रू पडायचा, कधी तात्यांची डबी हरवायची. सप्टेंबरात असाच एकदा तो आला आणि परत निघताना पावसानं गाठलं. स्टँडच्या शेडवर सरी अशा कोसळत होत्या की बसचा भोंगा ऐकू येईना. मुबशिरा दुकानातून छत्री घेऊन आली. छत्री द्यायला आली, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

"ग्लास रिव्हर परत ऐकायचा का?" त्यानं विचारलं. "शेवटचं एकदा. मग मी भांडणार न्हाय."

इअरफोन एकच. एक टोक तिच्या कानात, एक त्याच्या. बाकड्यावर दोघांच्या मधे ओली छत्री. नियमाप्रमाणे कुणी बोललं नाही. इंदापूरची बस आली आणि गेली, मागाहून दुसरी आली, तीही गेली. तो उठला नाही. मातीचा आणि डिझेलचा वास येत होता. नवव्या गाण्यात सगळी वाद्यं थांबून एकटी गिटार उरते. तिथं मुबशिराच्या लक्षात आलं की छत्री कधीच खाली पडलीय, आणि त्याची करंगळी तिच्या करंगळीला लागलीय. तिनं हात काढला नाही.

गाणं संपलं. त्यानं तोंड उघडलं.

"उद्या," ती म्हणाली.

"मी अल्बमचं बोलत न्हाय."

"ते पण उद्या... मुरू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. सुरुवातीला नुसता श्वास, मागं कुठंतरी कोंबडा आरवतोय. मग त्याचा आवाज, "मुरलं. मला तू आवडतीस, मुबशिरा. पहिल्या दिवसापासनं. तू सूर खाल्ला म्हणालीस ना, तवापासनं."

तिनं तो निरोप किती वेळा ऐकला ते सांगण्यात अर्थ नाही. उत्तर मात्र एकदाच पाठवलं. "मला पण. आता तुझ्या अब्बांना आमच्याकडं धाड. रीतीनं, उघड."

आणि घोळ झाला तो इथंच.

डिसेंबरात हैदरभाई मागणी घालायला आले, सोबत अयान आणि तात्या. हैदरभाईंनी साधा पांढरा सदरा घातला होता. माणूस वरातीपुढं काठी फिरवत चालायला लागला की रस्ता आपोआप मोकळा व्हायचा, पण आज पायरी चढताना त्यांचे पाय अडखळत होते. बँडवाल्याच्या घरात मुलगी द्यायला लोक नाक मुरडतात, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. म्हणून येतानाच त्यांनी दोघांना बजावलं होतं, बँडाचं एवढ्यात काढायचं नाही.

पडद्याआड मुबशिरा आई सलिमाजवळ उभी होती. चहा झाला, खारी झाली. मुन्नाशेठांनी विचारलं, "काम काय करता?"

"कार्यक्रमांचं," हैदरभाई म्हणाले.

"कसलं कार्यक्रम?"

"सगळंच... लग्नाचं, उद्घाटनाचं..."

"म्हणजे मांडव? जेवण?"

"तसंच... सगळं त्यातच येतंय."

अयान खाली मान घालून कपातल्या सायीकडे बघत होता. बोल ना, मुबशिरा मनात म्हणाली. एक वाक्य बोल. पण तो बोलला नाही. मुन्नाशेठांची नजर मात्र त्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबली होती.

"बेटा, ओठावर हा वळ कसला?"

अयाननं वडिलांकडे बघितलं. मग पुटपुटला, "ट्रम्पेट... वाजवतो."

मुन्नाशेठांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

"बँड हाय व्हय तुमचा. मग सांगायला काय झालं हुतं? हैदरभाई, बँडवाला दुसऱ्याच्या दारात दुसऱ्यानं सांगितलेलं वाजवतो आन् सगळ्यात शेवटी जेवतो, हे मला माहीत हाय. भाऊबंद चार शब्द बोलले असते. पण ते पुढचं झालं. तुमालाच जर तुमच्या कामाची लाज वाटतीया, तर माझ्या लेकीनं त्या घरात मान वर करून कसं राहायचं?" त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं ते जास्तच लागलं. "न्हाय जमायचं. पुण्याचं एक स्थळ बघायला येणार हाय. त्यांना मी व्हय म्हणणार हाय."

संध्याकाळी अयानचा फोन आला. मुबशिरा रडून मोकळी झाली होती, आता तिला फक्त राग होता.

"तू गप्प बसलास."

"अब्बांचा शब्द कसा मोडू सगळ्यांपुढं?"

"मयताची चाल पाठवणीत घुसवायला बरा धीर येतो तुला. पण स्वतःच्या नावानं एक ओळ वाजवायची म्हणलं की मान खाली. मी आयर्न ग्रेन का ऐकते माहीत हाय? ती माणसं कुणाला विचारून वाजवत न्हाईत. तू चोरून वाजवतोस, अयान. चोरून वाजवणाऱ्याबरोबर मी उघड संसार कसा करू?"

तिनं फोन ठेवला, आणि त्यानंतर मोबाइल अगदी मुका झाला.

इंदापुरात मग काय झालं, ते तिला पुढं तात्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं. अयान वडिलांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "अब्बा, कोट घरी ठिवून गेलो, तरी कोटासकट हाकललं. मग निदान घालून तरी जाऊ." हैदरभाई चिडले. मागणीला बँड घेऊन कधी कुणी गेलंय का? तेव्हा तात्या म्हणाले, "डॉक्टर काय डॉक्टरकी घरी ठिवून सोयरीक करतोय? आपून बँड हाय. जायचं तर बँडासकट, न्हायतर बसा घरी." हैदरभाई उठले आणि कोटाची बटणं घासायला बसले.

पुण्याचं स्थळ रविवारी यायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुकानात गर्दी होती, मुबशिरा एका काकूंच्या नाकावर चष्मा बसवून बघत होती. आणि स्टँडच्या बाजूनं हलगी कडाडली.

शेजारचे कापडवाले दुकानाबाहेर आले. "पौषात वरात?" ते म्हणाले. "पौषात कोण लगीन करतंय?"

खरंच की. पौषात आपल्याकडे बँडाला सुट्टी. वाद्यं खुंटीला, माणसं घरी. आणि इथं तर भर बाजारातून लाल कोटांची अख्खी रांग चालत येत होती. नवरदेव नाही, घोडा नाही, वऱ्हाडी नाहीत. सगळ्यात पुढं हैदरभाई. पूर्ण पोशाख, डोक्यावर तुरा, हातात काठी, आणि बटणं अशी घासलेली की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत.

"हैदरभाई, आज कुणाची ऑर्डर?" कुणीतरी ओरडून विचारलं.

"आज ऑर्डर न्हाय," हैदरभाई म्हणाले, आणि आज त्यांचा आवाज अडखळला नाही. "आज घरचं काम हाय."

बँड मुन्ना ऑप्टिकल्ससमोर येऊन थांबला. मुन्नाशेठ दारात आले. त्यांच्या मागं मुबशिरा, हातात काकूंचा चष्मा तसाच. अयान दोन पावलं पुढं आला. चेहरा पांढराफटक पडला होता, पण मान वर होती.

"मी अयान, हैदरभाईंचा मुलगा. इंदापूरचा बँडवाला." तो सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलत होता. "आता वाजवणार ते विंटरमिलच्या आयर्न ग्रेनमधलं दुसरं गाणं. कुणी सांगितलं म्हणून न्हाय. मला आवडतं म्हणून."

तात्यांनी हलगीवर काडी टाकली. एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड... घोडा उधळला. दाढीवाल्यांचा ड्रमर जे दोन पायांनी करतो, ते तात्यांनी दोन काड्यांनी केलं, आणि मुबशिराला पहिल्यांदाच कळलं की हे घोडं मुळात इथलंच आहे. मग ट्रम्पेटनं गिटारची ओळ धरली. क्लॅरिनेट निम्मे डाव्या बाजूला, निम्मे उजव्या, दोन वराती समोरासमोर. सगळ्यात मोठा भोंगा तळातून असा घुमला की दुकानातल्या काचा शेल्फवर थरथरायला लागल्या.

बाजार थांबला. काटेवाडीहून भाजी घेऊन आलेल्या बायकांच्या हातातली तागडी तशीच राहिली. केळीवाल्या छबूबाई आधी तोंडावर पदर धरून बघत होत्या, मग त्यांचा खांदा हलायला लागला, मग दुसरा, आणि मग त्या टोपली खाली ठेवून चक्क रस्त्यात आल्या. त्यांच्यामागं कॉलेजची पोरं, रिक्षावाले, कापडवाले. कुणाला विंटरमिल माहीत नव्हते, आयर्न ग्रेन माहीत नव्हता. पण ती धाव सगळ्यांच्या ओळखीची होती. मुबशिराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती. एकही सूर त्यानं खाल्ला नाही.

पहिलं गाणं संपलं, टाळ्या-शिट्ट्या थांबायच्या आत त्यानं 'ग्लास रिव्हर'मधलं सहावं सुरू केलं. तेही छान वाजवलं. मग ट्रम्पेट खाली घेतलं, तोंडावरचा घाम बाहीनं पुसला आणि तो मुन्नाशेठांपुढं येऊन उभा राहिला.

"चाचा," तो धापा टाकत म्हणाला, "हे बरं... का हे?"

सगळा बाजार मुन्नाशेठांकडे बघायला लागला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. आयुष्यभर त्यांनी हा प्रश्न लोकांना विचारला होता. त्यांना तो कुणी आज पहिल्यांदा विचारत होतं. आणि डोळ्यांपुढं आलेल्या गोष्टीबद्दल खोटं बोलणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

"पहिलं," ते म्हणाले. "दुसरं जरा ताणलंय."

मुबशिरा हसली. अगदी तशीच, वृषालीच्या पाठवणीला हसली होती तशी. अब्बांचं मत तिच्या मतावर काचेवर काच बसावी तसं बसलं होतं. मुन्नाशेठांनी वळून लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्या नजरेला काही कमी दिसत नव्हतं. मग ते पायरी उतरून हैदरभाईंसमोर गेले.

"त्या दिवशी ह्या कोटात आला असता तर एवढा वेळ गेला नसता, हैदरभाई."

"चुकलं माझं, शेठ."

"चला आत." मग त्यांनी वरच्या खिडकीकडे बघून हाक दिली, "सलिमा, जेवणाचं बघ. सगळ्यांचं. घरचे मागनं बसतील. आपल्या घरी बँड पहिल्या पंगतीला जेवंल."

हैदरभाईंनी डोक्यावरचा तुरा काढला आणि डोळ्यांना लावला. छबूबाईंनी सगळी टोपली उचलून पायरीवर ठेवली, जेवणात केळी पाहिजेतच म्हणाल्या. पुण्याला फोन करायला मुन्नाशेठ स्वतः आत गेले.

मुबशिरानं काकूंचा चष्मा काकूंच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरली. भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, तिनं हात वर केला. तर्जनी आणि करंगळी ताठ, बाकीची बोटं मिटलेली. जगातला कुठलाही मेटलवाला ओळखेल अशी खूण. अयाननं तशीच खूण परत केली.

"नवा अल्बम हरला," ती म्हणाली.

"मी अपील करणार हाय."

"कर. आयुष्यभर कर." तिनं त्याच्या ओठांवरच्या वळाकडे बघितलं, आणि लाजून तात्यांच्या हलगीकडे बघायला लागली.

"मुबशिरा..." तो हळूच म्हणाला. "आपल्या पाठवणीला काय वाजवू?"

"चौथं सोडून काहीही वाजव."

"घोडदौडीचं," तात्या मागून म्हणाले, चष्मा नाकावर सारखा करत. "मी कळसलाच म्हणलं हुतं."